चाकाला हात घाला: दीड टनाचं यंत्र आणि मिक्सरएवढी मोटर

सहा माणसं, एक कॉम्प्रेसर आणि सोसायटीचं गेट. कॉम्प्रेसर दीड टनाचा, दोन चाकांचा, ट्रॅक्टरच्या किंवा पिकअपच्या मागे अडकवून नेतात तसला. ट्रॅक्टर गेटातून आत वळेना, म्हणून कॉम्प्रेसर बाहेरच सोडला आणि उरलेले पंचवीस मीटर हातानेच ढकलायचे ठरले. वीस मीटर गेला. मग डावं चाक गटाराच्या झाकणाच्या कडेला टेकलं. कड जेमतेम दोन सेंटिमीटरची. सहाही जणांनी दांड्याला छाती लावली, "जोर लगा के" झालं, चपला घसरल्या, कॉम्प्रेसर तसूभर हलला नाही. बाजूला उभा असलेला म्हातारा मुकादम शेवटी वैतागला. "दांड्याला काय चिकटलाय, चाकाला हात घाला की!" दोघांनी वाकून टायरचा माथा धरला, पुढे ओढला, आणि चाक कडेवरून सुटलं.

मुकादमाचं शिक्षण किती ते मी कधी विचारलं नाही. पण त्या एका वाक्यात जे होतं, त्यावरच आज यंत्रांची एक अख्खी जात उभी आहे. ओढून न्यायची जड यंत्रं, म्हणजे कॉम्प्रेसर, जनरेटर, फांद्यांचा भुगा करणारं चिपर, बोटीची ट्रॉली, ही गाडीपासून सुटल्यावर शेवटच्या वीस-तीस मीटरात जागेवर लावायला मोटर लावलेलं साधन वापरतात. त्याला ट्रेलर मूव्हर म्हणतात. माणूस बरोबर चालतो, दिशा देतो, जोर मोटर लावते. वरवर पाहता हा मोटरीच्या ताकदीचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात मोटर सहसा पुरून उरते. घोडं अडतं ते चाकाच्या पकडीपाशी.

आधी हे बघू की ढकलायला मुळात किती जोर लागतो. इथे "किलोचा जोर" म्हणजे दोरीत अडकवलेला लटकता काटा जेवढे किलो दाखवेल तेवढा. सपाट काँक्रीटवर, हवा भरलेल्या टायरला, वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो. दीड टनाला 30 किलो. म्हणजे एकदा चालू पडला की दोघेजण गप्पा मारत नेतील. कच्च्या पण घट्ट रस्त्यावर हाच आकडा चार-पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे 60 ते 75 किलो. गवताळ मऊ जमिनीवर शंभरच्या वर. सुट्ट्या वाळूत वजनाचा चौथा हिस्सा, पावणेचारशे किलो. यंत्र तेच, माणसं तीच. बदलली ती फक्त जमीन. म्हणून अनुभवी माणूस माणसं वाढवायच्या आधी प्लायवूडच्या दोन फळ्या मागतो. एक टाकायची, यंत्र तिच्यावर घ्यायचं, मागची उचलून पुढे टाकायची. वाळूतलं काम काँक्रीटवरच्या भावात होतं.

आता चढ. चढाचा हिशेब सोपा आहे: दहा फुटांत एक फूट चढ असेल, तर वजनाचा दहावा हिस्सा जोर जास्त. दीड टनाला 150 किलो, वर जमिनीचे 30, एकूण 180. तळघरातल्या पार्किंगचा उतार आठाला एक असेल, तर 217. गंमत अशी की डोळ्याला चढ कळतच नाही. बोर घाटात कर्जत ते लोणावळा रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे. एवढ्या चढाच्या डांबरी रस्त्यावरून तुम्ही चाललात तर चढ आहे हे लक्षातही येणार नाही. पण इंजिनाने ओढायच्या गाड्यांना तिथे कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, ज्यांना बँकर म्हणतात. कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतकं हलकं फिरतं की सपाटीवर जवळजवळ काहीच लागत नाही, आणि चढ आला की सगळा भार चढाचाच.

आणि तिसरा शत्रू, झाकणाची ती कड. चाकाचा व्यास 60 सेंटिमीटर, कड दोन सेंटिमीटर, एका चाकावर सातशे किलोंच्या आसपास वजन. चाक कडक लोखंडी असतं, तर आसाच्या उंचीवर ढकलून ते कडेवर चढवायला पावणेतीनशे किलो जोर लागला असता. हवेचा टायर कड थोडी पोटात घेतो, म्हणून प्रत्यक्षात कमी लागतो. तरी सहा माणसांच्या छातीपुढे तो भारी पडला. बैलगाडीचं चाक उंच असायचं त्यामागेही हेच गणित आहे. 140 सेंटिमीटर व्यासाचं चाक त्याच कडेवर चढवायला तेवढ्याच वजनाला पावणेदोनशेच्या आसपास जोर पुरतो. खाचखळग्यांच्या वाटेवर तेवढी सवलत बैलांना जगवायची.

मुकादमाची युक्ती इथे लागू पडते. दांडा ढकलला की जोर आसावर पडतो. टायरचा माथा ओढला की तोच जोर जमिनीपासून दुप्पट उंचीवर पडतो, आणि चाक ही एक पहार होते. निम्म्या जोरात काम भागतं. मोबदल्यात हाताला दुप्पट अंतर ओढावं लागतं. चिखलात रुतलेल्या गाडीचे आरे धरून चाक फिरवणारे आपले आजोबा हेच करत होते.

माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचाही आकडा आहे. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शक मर्यादा सांगतात, ती ढकलायला सुरुवात करताना पुरुषाला 20 किलोचा जोर आणि स्त्रीला 15. चालू ठेवताना 10 आणि 7. आपल्याकडचा हेल्पर याच्या दुप्पट-तिप्पट लावतो आणि संध्याकाळी कंबरेला बाम चोळतो, हा भाग वेगळा. पण या हिशेबाने आठाला एकच्या उतारावर दीड टन जागचा हलवायलाच अकरा माणसं लागतील, चढवत न्यायला बावीस. दांड्याला अकरा माणसं धरायला जागाच नसते.

मग मोटर किती मोठी हवी? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ताकदीचा हिशेब म्हणजे जोर गुणिले वेग. 217 किलोंचा जोर सेकंदाला 15 सेंटिमीटर या वेगाने लावायचा, तर लागतात साधारण 320 वॅट. घरातल्या मिक्सरची मोटर 500 ते 750 वॅटची असते. म्हणजे चटणी वाटणारी मोटर, मधला अपव्यय धरूनही, दीड टनाचं यंत्र पार्किंगच्या उतारावरून वर चढवू शकते. अट एकच: घाई करायची नाही. सेकंदाला 15 सेंटिमीटर म्हणजे मिनिटाला नऊ मीटर. पंचवीस मीटरांना तीन मिनिटं. सहा माणसं गोळा करायला यापेक्षा जास्त वेळ जातो.

वेग खाऊन जोर काढायचं काम गिअर करतात. मोटर मिनिटाला तीन हजार फेरे मारते. टायर फिरवणारा बाहेरचा रोलर पन्नासच्या आसपास. साठ फेऱ्यांमागे एक. म्हणजे जोर साठपट, घर्षणात जाईल तेवढा वजा. बऱ्याच मूव्हरमध्ये गिअरांची जोडी वर्म प्रकारची असते: एक स्क्रूसारखा दांडा आणि त्याच्यावर फिरणारं दातेरी चाक. असल्या जोडीचा एक स्वभाव उपयोगाचा आहे. दांड्याने चाक फिरतं, पण चाकाने दांडा सहसा फिरत नाही. बटण सोडलं की यंत्र चढावरही जागच्या जागी थांबतं.

बॅटरीचं भय तर उगाच. वरच्या चढावर 12 व्होल्टच्या बॅटरीतून पन्नास-साठ अँपिअर ओढले जातील असं धरलं, तरी तीन मिनिटांत जातात सुमारे तीन अँपिअर-तास. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी 150 अँपिअर-तासांची असते. त्रास होतो तो बॅटरी जुनी असली की. साठवण पुरेशी असते, पण एकदम एवढा प्रवाह द्यायचा म्हटलं की व्होल्टेज ढेपाळतं आणि मूव्हर चढाच्या मध्यावर बंद पडतो. वायर बारीक वापरली तरी तेच. मेकॅनिकला दोष द्यायच्या आधी वायर हाताने चाचपून बघा. गरम लागली तर दुखणं तिथेच आहे.

इथवर सगळं सोपं होतं. खरा पेच पकडीचा.

रबरी चाक कोरड्या काँक्रीटवर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण साठ टक्के जोर लावू शकतं. त्यापुढे ते जागेवर फिरतं. मोटर मिक्सरची असो की ट्रकची, ही मर्यादा तिला ओलांडता येत नाही. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, पोलादी वजनं लावतात, ते इंजिनाची ताकद वाढवायला नाही, इंजिनाची असलेली ताकद जमिनीत उतरवायला. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून चढ चढताना ट्रॅक्टर पुढून उचलतो तेही आपण पाहिलंय.

मूव्हरची दोन घराणी इथे वेगळी होतात.

पहिल्या घराण्यात मोटरवालं चाक दांड्याखाली असतं. ओढायच्या यंत्राच्या दांड्याला एक छोटं टेकूचं चाक असतं, जॉकी व्हील. त्याच्या जागी मोटरचं चाक बसवतात, किंवा हँडलचा एक स्वतंत्र गाडा दांड्याखाली सरकवून हूक अडकवतात. स्वस्त, सुटसुटीत, एकच साधन पाच यंत्रांना चालतं. पण दांड्यावर वजन किती येतं? ओढायची गाडी नीट भरलेली असेल, तर एकूण वजनाच्या पाच-सात टक्केच दांड्यावर येतं. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त भरलं की बैलांच्या मानेवर ओझं येतं. म्हणून भार आसाभोवती तोलून ठेवायचा. यंत्र बनवणाराही तेच करतो. तर दीड टनाच्या यंत्राच्या दांड्यावर समजा 75 किलो, आणि मूव्हरचं स्वतःचं वजन 55. झाले 130. त्याचे साठ टक्के 78 किलो. सपाट काँक्रीटला 30 लागतात, म्हणून दुकानाच्या फरशीवर प्रात्यक्षिक झकास होतं. विसाला एकच्या चढावर लागतात 105. चाक जागेवर फिरतं, रबराचा वास येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं मोटर कमजोर निघाली.

मोटर कमजोर नसते. दुप्पट मोठी मोटर लावली तर रबर दुप्पट वेगाने जळेल. अशा वेळी गाड्यावर पोलादी वजनं ठेवतात. दर दहा किलोंमागे सहा किलो जोर वाढतो. माणूस हँडलवर लटकतो तेही त्यासाठीच. पावसाळ्यात ओल्या गवतावर साठ टक्क्यांचे निम्म्याहून कमी होतात, मग लटकणारी माणसं वाढवावी लागतात, आणि मोटर घेतली कशाला असा प्रश्न पडतो.

दुसऱ्या घराण्यात यंत्राच्या स्वतःच्याच चाकांना मोटर लावतात. चाकाशेजारी साटीखाली एक मोटर आणि खाचांचा धातूचा रोलर. एरवी रोलर टायरपासून दूर असतो. वापरायचा तेव्हा तो टायरवर दाबला जातो आणि टायर फिरवतो. आता पकडीला वजन मिळतं ते यंत्राचंच. चाकांवर 1,425 किलो, त्याचे साठ टक्के साडेआठशे. एकदम दहापटीहून जास्त, मोटर तेवढीच ठेवून! मुकादमाचं वाक्य इथे यंत्रात उतरलं: दांड्याला चिकटू नका, चाकाला हात घाला.

हाच फरक मोठ्या रूपात बघायचा असेल तर पुन्हा बोर घाटात चला. इंजिनाच्या गाडीत ओढायला उपयोगी पडतं ते फक्त इंजिनाचं वजन; मागच्या डब्यांचं वजन निव्वळ ओझं. वंदे भारतमध्ये निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत, म्हणजे निम्म्या गाडीचं वजन पकडीला मिळतं. 2023 च्या फेब्रुवारीत मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली ती घाट बँकरशिवायच चढते. विमानतळावरही तेच. जुन्या पद्धतीचा टग, म्हणजे विमान हलवायचा ट्रॅक्टर, दांड्याने विमान ढकलतो, म्हणून तो स्वतःच पोलाद भरून जड केलेला असतो. नव्या पद्धतीचा टग विमानाचं पुढचं चाक पाळण्यासारखं उचलून आपल्यावरच घेतो आणि विमानाचं वजन आपल्या पकडीसाठी वापरतो. दुसऱ्याच्या वजनावर आपली पकड.

रोलरवाले मूव्हर वाढले ते युरोपात, कॅरॅव्हॅनमुळे. मोटारीमागे झोपायची खोली ओढत सुट्टीला जाणारी माणसं. त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ. कॅम्पच्या गवतावर दीड टनाची खोली दोघांनी ढकलून नेमक्या चौकोनात लावायची कशी? म्युनिकजवळच्या पुट्झब्रुनची ट्रूमा, बव्हेरियातलीच आल-को अशा कंपन्यांनी दोन चाकांना दोन मोटरी आणि हातात रिमोट दिला. दोन्ही चाकं पुढे, तर गाडी पुढे. एक पुढे आणि एक मागे, तर दोन चाकांची गाडी जागच्या जागी गिरकी घेते. दांडा धरून दिशा द्यायचीही गरज नाही.

यंत्रांच्या बाबतीत तिथला एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो. म्हणून झाडं छाटणाऱ्यांचे बरेचसे चिपर नेमके या वजनाच्या आत बसवलेले असतात. असला चिपर दोघंजण बागेच्या फाटकातून आत नेतात खरे, पण ओल्या हिरवळीवरून परत वर आणताना त्यांची अवस्था आमच्या सोसायटीतल्यासारखीच होते.

रोलरची दुखणीही आहेत. टायरला चिखल लागला की रोलर टायरवरच घसरतो. पकड जमिनीशी आहे, पण हात निसटतोय. टायरमध्ये हवा कमी असेल तर रोलर पुरेसा दाबला जात नाही. आणि प्रत्येक यंत्राला वेगळा संच लागतो, त्यामुळे वीस यंत्रं भाड्याने देणाऱ्याला तो परवडत नाही. त्याला पहिल्या घराण्यातला गाडाच बरा.

रबरी पट्ट्यांवर चालणारे, म्हणजे रणगाड्याच्या चालीचे मूव्हरही मिळतात. त्यांचं कौतुक जरा बेताने ऐका. काँक्रीटवर पट्टा चाकापेक्षा फार जास्त पकड देत नाही, कारण वजन तेच. उलट वळताना पेव्हर ब्लॉक उखडतो. पट्ट्याची खरी जागा मऊ जमीन. तिथे वजन मोठ्या पायावर पसरतं, मूव्हर रुतत नाही, आणि पट्ट्याच्या खाचा मातीच्या मोठ्या थरात रुतून जोर घेतात. काळ्या मातीत पहिला पाऊस पडल्यावर मात्र पट्टा काय आणि चाक काय, दोन्हींची भाकरीसारखी थापटी होते. तेव्हा काम उद्यावर टाकावं.

कोकणातला पॉवर टिलर ट्रॉली ओढताना पाहिलाय का? हँडल धरलेला माणूस, पुढे दोन चाकांचं इंजिन, मागे ट्रॉली. इंजिनाचं सगळं वजन चालत्या चाकांवर, म्हणून पकड बरी. आपल्याकडे हा पहिल्या घराण्यातला मूव्हर कितीतरी वर्षं रोज राबतोय, कोणी त्याला ते नाव देत नाही एवढंच. फक्त तो चालण्याच्या वेगाने जातो, आणि जड यंत्र नेमक्या जागी लावताना तेवढा वेगही जास्त होतो.

कारण थांबवणं हे चालवण्यापेक्षा अवघड. दीड टन ताशी चार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या साध्या चालीने, येतोय. त्याला दहा सेंटिमीटरात थांबवायचं तर साडेनऊशे किलोंच्या आसपास जोर लागतो. भिंत आणि दांडा यांच्या मध्ये दहा सेंटिमीटर म्हणजे एखाद्याची मांडी. तेच यंत्र सेकंदाला 15 सेंटिमीटरने येत असेल, तर सतरा किलो पुरतात; हाताने अडवता येईल. मूव्हरच्या कासवगतीला हसणाऱ्यांना मी हा हिशेब दाखवतो. माणसं उताराच्या बाजूला कधीच उभी करायची नाहीत, चाकामागे ठोकळा घेऊन एकजण चालला पाहिजे, आणि यंत्र उतरताना दांडा वरच्या बाजूला ठेवायचा. हे मोटर असो-नसो पाळायचं.

त्या दिवसानंतर मी आमच्या अंगणात तीन मोजमापं घेतली. कॉम्प्रेसरच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली माणसांचं वजन करायचा काटा ठेवला: 68 किलो. गवंड्याची पाण्याची नळी लावून गेटापासूनचा चढ मोजला: बाराला एक. मग भंगारवाल्याचा लटकता काटा दोरीत अडकवून सपाट फरशीवर कॉम्प्रेसर ओढला. सुटताना काटा साठपर्यंत उडाला, मग पस्तीसवर स्थिरावला. वह्या-पुस्तकांची गरज पडली नाही. चढाचे 125, जमिनीचे 35, एकूण 160. आणि दांड्याखालच्या गाड्याला मिळणारी पकड ऐंशीच्या आत. गाडा विकायला आलेल्या माणसापुढे हा कागद ठेवला. त्याने चहा संपवला, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "दांड्यावर अजून शंभर-सव्वाशे किलो ठेवता येतील का?"

मुकादम तिथेच होता. म्हणाला, "दोन माणसं बसव."